दस्त करून देणाऱ्याला ओळखता का?

“दादा, दोन मिनिटं आहेत का? एक सही हवी होती.”

रायगडातल्या एका तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बाकावर मी नंबराची वाट बघत बसलो होतो. विचारणाऱ्याच्या काखेत फायलींनी फुगलेली रेक्झिनची बॅग होती आणि कपाळावर घाम. आत एक खरेदीखत अडकलं होतं. ओळख पटवणारे दोघे लागतात, त्यातला एक मिनिडोर न मिळाल्याने पोचलाच नव्हता. मी विचारलं, “कोणाची ओळख द्यायची?” तो म्हणाला, “पार्टी एकदम चांगली आहे हो. आधार, पॅन, सगळं आहे.”

मी नको म्हटलं. तो रागावला नाही. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ वडापाव खात होते, त्यांच्याकडे वळला. त्यांनी हात पुसले, आत गेले, पाच मिनिटांत परत आले आणि उरलेला वडापाव खायला बसले.

तो दस्त खोटा होता असं मला म्हणायचं नाही. बहुतेक खराच असेल. बहुतेक दस्त खरेच असतात. पण नोंदणीच्या त्या पानावर जे छापलेलं असतं ते एकदा नीट वाचा. आम्ही दस्त करून देणाऱ्याला व्यक्तिशः ओळखतो आणि त्याची ओळख पटवतो, असं खाली सही करणारा सांगत असतो. एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला व्यक्तिशः ओळखलं, तेही वडापाव गार व्हायच्या आत.

ओळखीची चोरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दूर कुठेतरी कॉम्प्युटरपुढे बसलेला पोरगा येतो. तो असतोच. पण या किनाऱ्यावर, मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत, जिथे घर गेलं, वाडी गेली, खातं रिकामं झालं, तिथे चोर शिरण्याची फट बरीचशी त्या वडापावासारखी साधी असते. ज्याने ओळखायचं त्याने बघितलंच नाही.

*

मराठीत अशा माणसाला तयार शब्द आहे: तोतया. त्या शब्दामागच्या सगळ्यात मोठ्या गोष्टीतला तोतया याच किनाऱ्यावर पकडला गेला, हे मात्र अलिबागच्या समुद्रावर भेळ खाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडले याची खात्री ज्यांना पटायला हवी होती त्यांना पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारलं नाही. या न पटण्याच्या भांडवलावर बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण, सुखनिधान त्याचं नाव, भाऊ म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, तोतया ठरला आणि किल्ल्याकिल्ल्यांवर कैदेत फिरत शेवटी रत्नागिरीला पोचला. थोरले माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, पुण्यात बारभाईंचा कारभार सुरू झाला. १७७६ साली रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने या कैद्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून उभं केलं. पाहता पाहता हजारोंची फौज जमली, कोकणातले किल्ले हाती आले आणि स्वारी घाटापर्यंत भिडली.

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी हे बंड मोडलं. तोतया समुद्रमार्गे मुंबईकडे निघाला. तिथे इंग्रजांच्या आसऱ्याला पोचला असता तर पुढे काय झालं असतं कोण जाणे. पण वाटेत अलिबागचा कुलाबा किल्ला होता आणि कुलाब्याला रघूजी आंग्रे होते. त्यांनी त्याला पकडून पुण्याला रवाना केलं. तिथे पुन्हा चौकशी झाली आणि १७७६च्या डिसेंबरात त्याला ठार मारण्यात आलं. न. चिं. केळकरांनी याच प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

या गोष्टीत मला खटकतो तो तोतया नव्हे, परांजपे. तोतया एकट्याने उभा राहत नाही. त्याला ‘होय, हेच ते’ असं म्हणणारा एक अधिकारी माणूस लागतो. सुभेदाराने म्हटलं म्हणून शिलेदारांनी मानलं, शिलेदारांनी मानलं म्हणून गावांनी मानलं. ज्या हजारोंनी त्याच्यासाठी तलवार उपसली त्यांच्यातल्या कितींनी खऱ्या भाऊंना कधी पाहिलं असेल? आजच्या भाषेत सांगायचं तर एकाने शिक्का मारला आणि बाकीच्यांनी तो शिक्का पाहून पुढचे शिक्के मारले.

आंग्र्यांच्या घराण्याला खोट्या ओळखीशी झुंजण्याचा सराव जुना होता, हेही जाता जाता सांगायला हवं. कान्होजींच्या काळात या पाण्यातून जाणाऱ्या गलबतांना त्यांचा परवाना घ्यावा लागे. इंग्रजांच्या जहाजांचा वाद वेगळा. त्यामुळे झालं असं की माल दुसऱ्याच कोणाचा आणि डोलकाठीवर निशाण इंग्रजांचं, अशी गलबतं सर्रास जाऊ लागली. १७१३ मध्ये गव्हर्नर एस्लाबीबरोबर तह झाला, त्यात इंग्रजी निशाण फक्त इंग्रजांच्याच जहाजांवर लागेल असं कलम होतं. ते पाळलं गेलं नाही, भांडणं पुन्हा पेटली. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी चाचे ठरले. निशाण भाड्याने देणाऱ्यांना कागदांनी काय म्हटलं ते शोधण्यात मी एक दुपार घालवली. व्यापारी म्हटलं होतं.

*

आता जमिनीकडे वळू, कारण रायगडच्या किनाऱ्यावर चोराला सगळ्यात मोलाची वस्तू तीच.

१ जानेवारी १९८१ला कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. तेव्हा इथल्या वाडीचा भाव नारळ-सुपारीच्या उत्पन्नावर ठरे. आज तो मुंबईहून किती मिनिटं लागतात यावर ठरतो. मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाडी बोटीत घालून माणसं तासाभरात उतरू लागली. १२ जानेवारी २०२४ला शिवडी-न्हावाशेवाचा अटल सेतू उघडला, साधारण २२ किलोमीटरचा. त्या पाठोपाठ नवी मुंबईचं विमानतळ. भाव चढले, पण सातबारे होते तिथेच राहिले. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली तरी वर नाव आजोबांचंच. खाली सहहिस्सेदार म्हणून चार काका, दोन आत्या. त्यातली एक बडोद्याला, एक काका डोंबिवलीला, एक असाच निघून गेलेला. घराला कुलूप. गणपतीला आणि मे महिन्यात उघडतं.

चोराच्या नजरेने पाहिलं तर यापेक्षा चांगली जागा नाही. मालक आहे, पण गैरहजर. नाव आहे, पण त्या नावाचा चेहरा गावातल्या पंचाहत्तरीच्या चार माणसांनाच आठवतो.

या चोरीची रीत फार गुंतागुंतीची नाही. सातबारा हा उघडा दस्तऐवज आहे, कोणीही पाहू शकतो, आणि तसंच असायला हवं. त्यावरून नाव आणि क्षेत्र कळतं. मग त्या नावाचं खोटं आधार कार्ड किंवा पॅन छापून घ्यायचं, फोटो आपल्या माणसाचा. कधी थेट मालक म्हणून उभं करायचं, कधी मालकाने दिलेलं म्हणून बनावट कुलमुखत्यारपत्र आणायचं. दोन ओळखदार कचेरीबाहेर मिळतातच. खरेदीखत नोंदलं गेलं की त्याची खबर आपोआप तलाठ्याकडे जाते. तलाठी हा शब्द मी सवयीने लिहिला. २०२४पासून त्यांचं अधिकृत पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात अजून कोणी ते म्हणताना ऐकलं नाही. फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

सगळी मेख त्या पंधरा दिवसांत आहे. नोटीस जाते कुठे? सातबारावरच्या माणसाच्या पत्त्यावर. म्हणजे कुलूप लावलेल्या घराकडे. दाराच्या फटीतून आत सरकवलेली ती नोटीस चतुर्थीला सापडते, वाळवीने अर्धी खाल्लेली.

माझ्या घरचंच सांगतो. आमची वाडी लहान, चौदा गुंठ्यांची, नागावच्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी काकांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एक फोन आला. “तुमच्या वाडीचं साठेखत झालंय म्हणे, आम्हाला का नाही सांगितलंत?” बोलणारा जुना शेजारी, स्वरात राग कमी आणि दुखावल्याची भावना जास्त. अण्णांनी कुठलंही साठेखत केलं नव्हतं. पंधरा दिवस झोप नाही. शेवटी निघालं असं की कोणीतरी एजंट आमच्या वाडीचा सातबारा दाखवून एका मुंबईच्या गिऱ्हाइकाकडून इसार उकळत होता. नोंदणीपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. आम्ही वाचलो ते आमच्या हुशारीने नव्हे. शेजाऱ्याला राग आला म्हणून.

त्यानंतर मी जे शिकलो ते इथे सांगतो, क्रमाने नाही, जसं आठवतं तसं. महसूल खात्याचं ‘आपली चावडी’ नावाचं संकेतस्थळ आहे. पूर्वी चावडीवर चिकटवायच्या त्या फेरफाराच्या नोटिसा तिथे गावनिहाय दिसतात. पैसे लागत नाहीत, मालक असावं लागत नाही. महिन्यातून एकदा आपलं गाव निवडून बघायचं, गॅसचा नंबर लावण्याइतकं सोपं आहे. नोंदणी विभागाच्या ‘ई-सर्च’वर आपल्या गट नंबरावर कोणता दस्त झालाय का हे शोधता येतं, त्याचा गोषवारा म्हणजे इंडेक्स टू. अलिबागला ‘कृषीवल’सारख्या स्थानिक दैनिकांत वकिलांच्या जाहीर नोटिसा येतात, अमुक मिळकत आमचे अशील घेत आहेत, हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवा, अशा. मुंबईत राहणारा मालक ते दैनिक घेत नाही. गावातल्या कोणाला तरी त्या वाचायला सांगून ठेवावं. आमच्याकडे ते काम आता त्या रागावलेल्या शेजाऱ्याकडेच आहे.

आणि मृतांची नावं काढून वारसांची चढवावीत. हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण चोराला मेलेला माणूस फार आवडतो. तो हरकत घेत नाही. राज्य सरकारने २०२५मध्ये यासाठी ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढली. नाव ज्याने सुचवलं त्याला दाद द्यायला हवी. वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’वर घरबसल्या करता येतो. भावाभावांत पटत नाही म्हणून नोंद राहते हे खरं कारण असतं, तेव्हा संकेतस्थळ काही करू शकत नाही.

विकत घेणाऱ्यासाठी एकच गोष्ट, पण ती टोकन देण्याआधी. समोरच्याने आधार कार्ड दाखवलं तर कार्डाकडे बघू नका, त्यावरचा चौकोनी क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा. त्या कोडात आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते आणि मूळ फोटोही असतो. कार्डावर कोणाचाही फोटो चिकटवता येतो, कोडाच्या आतला बदलता येत नाही. लाखो रुपये मोजणारी माणसं हे अर्ध्या मिनिटाचं काम करत नाहीत, कारण समोरच्याला वाईट वाटेल. आपल्याकडे भिडेपोटी जितक्या जमिनी गेल्या तितक्या खोट्या कागदांपायी गेल्या नसतील. बनावट कुलमुखत्यारपत्राचा धोका तर वेगळाच. निव्वळ मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११मध्ये स्पष्ट केलं, तरी ‘पॉवर आहे ना, मग झालं’ हे वाक्य अजून रोज ऐकू येतं.

कायद्यात शिक्षा नाही असं नाही. नोंदणी कायदा १९०८चा. त्याच्या कलम ८२खाली दुसऱ्याच्या नावाने उभं राहणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. अडचण अशी की शिक्षा तोतयाला होते आणि खेपा खऱ्याला घालाव्या लागतात. नोंदलेला दस्त रद्द करून घ्यायला दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि तिथल्या तारखा भरतीओहोटीच्या वेळापत्रकासारख्या नसतात.

*

अंगठ्याची कथा मात्र सगळ्यांवर कडी करणारी आहे.

१८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याच्या कामाचा करार करताना राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा त्याने करारामागे उमटवून घेतला. पुढे त्याने बोटांचे ठसे दस्त नोंदणीच्या कचेरीत वापरायला सुरुवात केली. हेतू एकच: ‘तो मी नव्हेच’ म्हणणाऱ्याला आणि ‘तो मीच’ म्हणणाऱ्या तोतयाला, दोघांनाही पकडायचं. ती रीत टिकली. २००१च्या दुरुस्तीने नोंदणी कायद्यात कलम ३२ अ आलं आणि स्थावराच्या दस्तावर देणाऱ्या-घेणाऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे सक्तीचे झाले.

मग आधार आलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला क्रमांक दिला गेला. बारा आकडे आणि बोट. बँका त्याला जोडल्या गेल्या आणि गावोगावच्या किराणा दुकानात छोटं यंत्र आलं: बँकेचं नाव सांगा, आधार क्रमांक सांगा, अंगठा लावा, पैसे घ्या. कार्ड नको, पिन नको, ओटीपी नको. ज्या म्हातारीला बँकेपर्यंत जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात तिच्यासाठी ही खरोखर चांगली सोय आहे.

पण बोट आधीच कुठे ठेवलेलं होतं? दस्तांवर. आणि दस्त ऑनलाइन आले होते. २०१८मध्ये तेलंगणात एक इसम पकडला गेला. त्याने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून लोकांचे दस्त उतरवून घेतले होते, त्यांवरच्या ठशांवरून रबरी शिक्के बनवायच्या यंत्रावर बोटं बनवली होती आणि त्या बोटांनी हजारो सिमकार्डं चालू केली होती. पुढच्या काही वर्षांत हरियाणा आणि कर्नाटकात अशाच बोटांनी खात्यांतून पैसे निघाले. ज्या ठशाने तोतया पकडायचा म्हणून दीडशे वर्षांपूर्वी तो दस्तावर आणला, त्याच दस्तावरून तोतयाने ठसा उचलला. दस्तावर आधार क्रमांकही असेल तर त्याला आणखी काही शोधायलाच नको. आता जिवंत बोट आणि रबराचं बोट यांतला फरक ओळखणारी यंत्रणा प्राधिकरणाने २०२३पासून बसवली आहे, पण पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही, हा मूळ पेच राहतोच.

उपाय आहे: बायोमेट्रिकला कुलूप. आधारच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर ते लावता येतं, अडलं तर १९४७ हा क्रमांक आहे. कुलूप लावल्यावर तुमचा खरा अंगठासुद्धा चालत नाही, हवं तेव्हा ते थोड्या वेळापुरतं उघडायचं. मुंबईच्या माणसाने हे आजच करावं, त्याला अंगठा लागतो कुठे? पण किनाऱ्यावर फिरताना मला हा उपाय अर्धाच वाटला. कोळीणबाईला रेशनला दर महिन्याला अंगठा द्यावा लागतो. आयुष्यभर बर्फ, मीठ आणि माशांच्या खवल्यांत काम करून तिच्या बोटांच्या रेषा आधीच झिजल्यात. यंत्र तीन-तीनदा नाही म्हणतं, ती पदराला बोट पुसून चौथ्यांदा लावते. तिला अ‍ॅपवर कुलूप उघड-बंद करायला सांगणं म्हणजे चोराच्या आधी आपणच तिला बाहेर काढणं. तिच्यासाठी त्यातल्या त्यात एवढंच: आधारला जोडलेल्या खात्यात फार पैसे ठेवायचे नाहीत, पैसे निघाल्याचा मेसेज मुलाच्या फोनवर येईल असं बघायचं, आणि दुकानदार ‘अंगठा लागला नाही, परत लाव’ म्हणाला तर पहिल्या वेळची पावती मागायची. पैसे न देता दोनदा अंगठा घेण्याचा प्रकार तंत्रज्ञानाचा नाही, तराजूत काटा मारण्याचाच आहे. त्यात ती कोणाला ऐकणार नाही.

ओळखपत्राची या किनाऱ्याला सवय नाही असंही नाही. फेब्रुवारी १९९३मध्ये श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरली. २६ नोव्हेंबर २००८ला दहा जण समुद्रातून मुंबईत शिरले, त्यांच्याकडे भारतीय महाविद्यालयाची खोटी ओळखपत्रं होती. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं आली, बंदरावर तपासणी आली. ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरला शस्त्रं असलेली एक निर्मनुष्य नौका लागली तेव्हा पुन्हा सगळ्यांची कार्डं बघून झाली. एक तांडेल मला म्हणाला, “समुद्रावर रोज मी कोण ते सांगतो. माझ्या नावावर कर्ज काढलं तेव्हा बँकेने नाही विचारलं.”

*

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि रायगडला ते नवं नाही. पेणच्या अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१०मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा कारण निघालं बोगस कर्जखात्यांचं. कर्ज घेणारे कागदावरचे होते आणि ठेवी खऱ्या माणसांच्या, जवळपास २ लाख लोकांच्या. पेणच्या गणपती कारखान्यांत रंगकाम करणाऱ्यांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सगळे त्यात अडकले आणि पुढची कित्येक वर्षं मोर्चे काढत राहिले. तेव्हा खोटं नाव तयार करायला बँकेतला माणूस फितवावा लागे. आज तुमच्या पॅनची प्रत आणि एक सेल्फी लागते, बाकीचं अ‍ॅप करतं. आपल्या नावावर असं कर्ज आहे का हे वसुलीवाल्याच्या फोनवरून कळण्याऐवजी आधी कळू शकतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा आपला पूर्ण पतअहवाल फुकट द्यायचा असतो. त्यात न काढलेलं कर्ज दिसलं तर लेखी तक्रार करायची. ‘संचार साथी’वर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत तेही दिसतं. माझ्या नावावर चार निघाली. तीन आठवली.

चौथं कुठून आलं ते शोधताना मी झेरॉक्सच्या दुकानांकडे नव्या नजरेने बघायला लागलो. एका दुकानात, गाव सांगत नाही, मी सुट्या पैशांसाठी थांबलो होतो. मालकाने कोणाचा तरी फोन नंबर लिहून देण्यासाठी टेबलाखालच्या गठ्ठ्यातला कागद ओढला. पाठकोरा कागद. पुढच्या बाजूला कोणा बाईंचं आधार कार्ड, जरा तिरकं आलेलं म्हणून बाद झालेलं. त्याच्या दृष्टीने ती काटकसर होती. आपण झेरॉक्स काढतो तेव्हा चांगली प्रत घेतो आणि तिरकी तिथेच टाकून येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला फाइल पाठवतो ती त्याच्या फोनमध्ये राहते. तिरकी प्रत मागून घ्यायची, फाइल समोर डिलीट करून घ्यायची, प्रतीवर आडवी रेघ मारून ‘अमुक कामासाठी, अमुक तारीख’ असं लिहायचं. शेवटचे चारच आकडे दाखवणारं झाकलेलं आधार उतरवून घेता येतं, बहुतेक ठिकाणी ते पुरतं. मे २०२२मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या कार्यालयाने आधारच्या प्रती कोणालाही देऊ नका असं पत्रक काढलं आणि गोंधळ होईल म्हणून ते लगेच मागे घेतलं गेलं. माझ्या मते पत्रक बरोबर होतं, मागे घेणं चूक होतं.

लॉजवर, कॉटेजवर प्रवेश करतानाही आपण कार्ड देतो आणि चहा पिऊन येईपर्यंत ते काउंटरवर पडून असतं. पण कॉटेजवाल्यांची स्वतःची ओळखही चोरीला जाते, ते त्यांनी मला हसत हसत सांगितलं. नागाव, काशीद, दिवेआगर. घराचे फोटो तेच, अंगणातला झोपाळा तोच, नाव तेच, फक्त खाली फोन नंबर दुसऱ्याचा. मुंबई-पुण्याचं कुटुंब निम्मे पैसे भरून शनिवारी सकाळी सामानासकट दारात उभं. “आम्ही बुकिंग केलंय.” एका मावशींनी अशा आलेल्या माणसांना तीन वेळा पोटभर जेवू घालून परत पाठवलं. चौथ्या वेळी त्यांनी गेटवर रंगाने नंबर लिहिला, मोठ्या अक्षरांत, आणि नकाशावरच्या आपल्या जागेचा ताबा रीतसर घेतला. नकाशावर आपल्या दुकानाची, घराची नोंद आपण स्वतः केली नाही तर कोणीही करतो. पैसे भरण्यापूर्वी व्हिडिओ कॉल करून “झोपाळा दाखवा” म्हणायचं, असा मावशींचा गिऱ्हाइकांना सल्ला आहे.

पैसे गेलेच तर १९३०. लगेच. लाज वाटून दुसऱ्या दिवशी नव्हे. पहिल्या काही तासांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात, तेवढ्यातच ते गोठवता येतात. आपली चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर खातेदारावर भार पडत नाही, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ला काढला. बँकेत तो आदेश तारखेसकट सांगितला की समोरच्याची बोलण्याची पद्धत बदलते.

*

यंदा मे महिन्यात अण्णा डोंबिवलीहून आले. वारस नोंदीचा अर्ज झाला होता, कागद लागले होते, चौकशीसाठी गावात यायचं होतं. एकोणऐंशी वर्षांचे अण्णा पाखाडीवरून काठी टेकत उतरले तेव्हा अंगणात सात-आठ माणसं जमली होती. त्यातल्या सहा जणांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फायलीत आधार होतं, पॅन होतं, मृत्यूचे दाखले होते, प्रतिज्ञापत्र होतं. सगळं बरोबर होतं.

शेजारच्या वाडीतल्या काकू, नव्वदीला टेकलेल्या, खुर्चीवर बसून अण्णांकडे बघत होत्या. आडनावावरून गाव कळायचं त्या काळातल्या. किहीमकर म्हटलं की किहीमचा, थळकर म्हटलं की थळचा, मग तो कोणत्याही जातिधर्माचा असो. त्यांना कोणी फाइल दाखवली नाही, दाखवली असती तरी दिसली नसती. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “तू धाकटा का मधला?”

“मधला,” अण्णा म्हणाले.

“मग रहाटाची कडी कोणी तोडली होती?”

अण्णा एकोणऐंशीचे, पण खाली बघितलं त्यांनी. “मी. पण मार दादाने खाल्ला.”

“हां,” काकू म्हणाल्या, आणि नातवाला सांगितलं, “जा, ह्याला शहाळं काढून दे.”